पिल्लाला मारून सवय लागत नाही

कळंबोलीत सिडकोच्या छोट्या घरांतूनही कुत्र्याचे पिल्लू हौसेने पाळले जाते. त्याने घरात घाण केली की फटका मारतात, नाक घाणीत घासतात. हे चुकीचे आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांहून जास्त लघवी रोखता येत नाही. मार खाल्लेले पिल्लू मग पलंगाखाली लपून शी करते. ती पडून राहते आणि तीतील जंतांची अंडी २ ते ४ आठवड्यांत बाधक होतात. रांगत्या मुलाच्या पोटात ती गेल्यास डोळ्यालाही इजा होऊ शकते. म्हणून झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर पिल्लाला ठरलेल्या जागी न्यावे, शाबासकी द्यावी, घाण लगेच उचलावी. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंतांचे औषधही द्यावे. शिस्त आधी घरातल्या माणसांनी पाळायची आहे.