‘पहिलीच चूक’ किती वेळा?

वेगाने वाढणाऱ्या कंपनीचे कौतुक करताना आपण आकडे पाहतो. तिथली माणसे काय सोसतात, हे सहसा विचारत नाही. सुझन फाउलर नोव्हेंबर २०१५मध्ये अमेरिकेत उबरमध्ये अभियंता म्हणून रुजू झाल्या. नव्या टीममधील पहिल्याच दिवशी व्यवस्थापकाने कंपनीच्या चॅटवर त्यांच्याकडे शरीरसंबंधाचा विषय काढला. त्यांनी पुराव्यासह तक्रार केली. त्या सांगतात, एचआरचे उत्तर होते : त्याची ही पहिलीच चूक आहे, शिवाय तो कामात हुशार आहे. पुढे कळले, त्याच माणसाविरुद्ध इतर महिलांनीही तक्रारी केल्या होत्या.

फेब्रुवारी २०१७मध्ये फाउलर यांनी हे जाहीरपणे लिहिले. चौकशी झाली, २०हून अधिक कर्मचाऱ्यांना काढले गेले. जूनमध्ये सहसंस्थापक ट्रॅव्हिस कॅलनिक यांना मुख्याधिकारीपद सोडावे लागले.

आपल्याकडे २०१३चा कायदा आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, अध्यक्षपदी महिला हवी, एक सदस्य बाहेरचा हवा. पण हिंजवडीत नोकरीला लागलेल्या आपल्या किती मुलींना त्या समितीतील नावे माहीत आहेत? शिकण्यासाठी, नोकरीसाठी जिला घरातच झगडावे लागले, ती असा त्रास घरी सांगत नाही. ‘मग सोड नोकरी’ हे उत्तर तिला ठाऊक असते. तक्रारीची पहिली अडचण तिथेच सुरू होते. पालकांनी मुलीला पगार विचारतो तशी समितीही विचारावी, आणि ती बोलली तर तिच्या बाजूने उभे राहावे.