गुळाची, नाचणीची, तरीही कुकीच

दिवाळीच्या तोंडावर रवा, मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, नंबर लावायचा आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणायची, ही जुन्नर-आंबेगावातल्या अनेक घरांची जुनी आठवण. आता नारायणगाव, मंचरच्या स्वयंपाकघरांत छोटे ओव्हन आले आहेत. मोबाइलवर बघून नातवंडांसाठी चॉकलेट चिप आणि अक्रोड घातलेल्या कुकीज होतात: जाडजूड, कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. हौस चांगलीच आहे. खटकतं ते त्यावर लगेच मारलं जाणारं ‘पौष्टिक’ असं शिक्कामोर्तब. मैद्याऐवजी नाचणी आणि साखरेऐवजी गूळ घातला, की कुकी जणू औषधच होते!

घरच्या भाजणीत एक मोठा फायदा आहे, तो आधी मान्य करायला हवा. भट्टीवरच्या जुन्या नानकटाईत बहुतेकदा वनस्पती तूप असे, आणि त्यातली ट्रान्स फॅट हृदयाच्या रक्तवाहिन्यांची वैरी. वाईट कोलेस्टेरॉल वाढवायचं आणि चांगलं कमी करायचं, अशी तिची दुहेरी करणी. आपल्याकडे 2011 मध्ये वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर 10 टक्क्यांची मर्यादा आली. ती उतरत उतरत जानेवारी 2022 पासून 2 टक्क्यांवर आली. घरी लोणी किंवा साजूक तूप वापरलं, तर बेकरीतल्या स्वस्त घट्ट चरबीचा प्रश्नच राहत नाही. मात्र दुकानात सुट्या मिळणाऱ्या चॉकलेट चिप्स पुष्कळदा ‘कंपाउंड’ असतात, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी घातलेल्या. पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. सुट्या मालाला ती यादीच नसते.

आता हिशेब. पाव किलो पीठ, 200 ग्रॅम लोणी, 200 ग्रॅम साखर, 150 ग्रॅम चॉकलेट चिप्स आणि 100 ग्रॅम अक्रोड यांच्या 24 कुकीज केल्या, तर एकेकीत साधारण 190 कॅलरी येतात. चहाबरोबर दोन खाल्ल्या, की जवळपास चार पोळ्यांइतकी ऊर्जा पोटात जाते आणि भूक काही भागत नाही. साखर एका कुकीत चिप्ससह 10-11 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं आहे. दोन कुकीज आणि गोड चहाचा एक कप, की दिवसाचा वाटा जवळजवळ संपला.

मग साखर निम्मी करावी का? इथे पाककृतीचं शास्त्र आडवं येतं. कुकीचा मऊपणा साखरेवरच उभा आहे. साखर पाणी धरून ठेवते, गूळ आणखी जास्त धरतो; म्हणून गुळाची कुकी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. साखर फार कमी केली, तर हाती येतो खारीचा कोरडा भाऊ. म्हणजे गुळाचं कुकीत काम आहे, पण ते पोताचं. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने गूळ हा मुख्यतः साखरच. ‘साखर बंद आहे, गुळाचंच खातो’ हे वाक्य सरकारी दवाखान्याच्या मधुमेहाच्या तपासणीत नेहमी ऐकू येतं, आणि ते सांगणाऱ्याच्या हातातला रिपोर्ट वेगळंच सांगत असतो. विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या या ऊसपट्ट्यात घरोघरी उसाची ओळख आहे. साखर आणि गूळ एकाच रसाचे, हे इथे तरी वेगळं समजवायला लागू नये.

नाचणीचंही तसंच. दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ पट्ट्याचं हे धान्य. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण एका कुकीत पीठ जेमतेम 10 ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम 35 मिलिग्रॅम. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ते 200 च्या पुढे जातं, आणि साखर शून्य. तेव्हा नाचणी खायची, तर भाकरी-आंबिलीतून. विशेषतः वाडीवस्तीवरच्या दीड-दोन वर्षांच्या मुलाला चहात बुडवून बिस्किट देण्याची सवय मोडायला ‘घरची नाचणी कुकी’ हे उत्तर नव्हे. चहा तोच राहतो, त्यातली द्रव्यं अन्नातलं लोह शोषू देत नाहीत, आणि गोडाने भूक मारलेलं मूल वरण-भाताकडे पाहत नाही. इतक्या लहान मुलाच्या घशात अक्रोडाचा तुकडा अडकू शकतो, हे वेगळंच.

अक्रोडातलं ओमेगा-3 चांगलं, पण त्यासाठी काश्मीरची वाट पाहायला नको. जवसाची चटणी तेच काम कितीतरी कमी पैशांत करते.

म्हणून कुकी करावी ती गोड खाऊ म्हणूनच, आणि नीट करावी. गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवला, की लोणी उशिरा वितळतं, कुकी पसरत नाही, जाड राहते. कडा तांबूस झाल्या आणि मध्यावरची ओली चकाकी गेली, की बाहेर काढावी. उरलेलं काम गरम ट्रे करतो. काळपट होईपर्यंत भाजू नये. पिठूळ पदार्थ जास्त भाजले, तर ॲक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन वाढतं. आणि कच्चा गोळा चाटायला मुलांना देऊ नये. अंड्याइतकंच कच्चं पीठही जंतू बाळगतं. अमेरिकेत 2009 मध्ये तयार कुकीच्या कच्च्या गोळ्यातून ई. कोलायची साथ पसरली होती.

चोवीस कुकीज एकदम भाजल्या, तर डबा दोन दिवसांत रिकामा होतो. त्यापेक्षा लिंबाएवढे गोळे करून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि घरात जितकी माणसं, तितकेच एका वेळी भाजावेत. वाडीवर तासन्‌तास वीज जात असेल, तर मात्र अंडं घातलेला गोळा साठवू नये. सगळा त्याच दिवशी भाजून शेजारी वाटून टाकावा.