बाळंतिणीच्या दुखण्याची दखल

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या सप्ताहात जागतिक स्तनपान सप्ताह साजरा होतो. १९९२ पासून चालत आलेल्या या प्रथेनुसार रुग्णालयांच्या भिंतींवर फलक लागतात, व्याख्याने होतात आणि मातेच्या दुधासारखे अमृत नाही, हे पुन्हा एकदा सांगितले जाते. ते खरेच आहे. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध आणि पुढे पूरक आहारासह दोन वर्षे वा त्याहूनही अधिक काळ स्तनपान, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला भक्कम पुराव्यावर उभा आहे. परंतु या गौरवगानात एका गोष्टीचा उच्चार क्वचितच होतो. ज्या कृतीचे एवढे गोडवे गायिले जातात, ती कृती अनेक स्त्रियांना असह्य वेदना देते. आणि त्या वेदनेमागे पुष्कळदा ओळखता येण्यासारखा, बरा करता येण्यासारखा आजार असतो.

‘पहिल्या खेपेला दुखायचेच, सोसावे लागते,’ हे वाक्य बहुतेक प्रत्येक बाळंतिणीने घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून ऐकलेले असते. त्यात माया नसते असे नाही. पण सोसण्यालाच मातृत्वाचे प्रमाणपत्र मानण्याची आपली जुनी सवयही त्यात दडलेली असते. तान्ह्या बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा मराठी मुलांना लहानपणीच सांगितली जाते. एस.टी. स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांनाही तिचेच नाव दिलेले आहे. हिरकणीचे धैर्य थोरच. पण घराघरांतील हिरकणीला दिवसातून आठ-दहा वेळा तोच कडा उतरावयास लावणे, आणि तिने ‘पाय रक्ताळले’ म्हणताच तिच्या वात्सल्याविषयी शंका घेणे, हा कोणता न्याय?

वेदनेची कारणे अनेक आहेत. सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे बाळाच्या तोंडात स्तनाची पकड नीट न बसणे. अनुभवी परिचारिकेने बसण्याची व बाळाला धरण्याची पद्धत दाखविली, की हे दुखणे बहुधा थांबते. अडचण पुढे सुरू होते. पकड सुधारूनही वेदना राहिली, तरी तोच सल्ला पुन:पुन्हा दिला जातो आणि मातेचा समज होतो की, दोष आपल्याच हातात आहे.

स्तनदाहाचेच उदाहरण घ्यावे. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत तो विशेष आढळतो. स्तनाचा एखादा भाग लाल, गरम व घट्ट होतो, थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते. अशा वेळी गाठ फोडण्यासाठी जोराने चोळावे, कडक शेक द्यावा आणि दूध पिळून पिळून काढावे, असा उपचार घरोघरी केला जातो. वैद्यकीय मार्गदर्शन आता नेमके उलट आहे. जोराने चोळल्याने आतील सूज वाढते आणि गरजेहून अधिक दूध काढल्याने दूध अधिकच उतरते. म्हणून बाळाच्या भुकेप्रमाणे पाजणे, थंड पाण्याच्या घड्या ठेवणे, वेदनाशामक व दाहशामक औषध घेणे आणि दिवसभरात उतार न पडल्यास डॉक्टरांकडे जाणे, हा क्रम सांगितला जातो. अशा स्तनातील दूध बाळाला अपायकारक नसते. प्रतिजैविक औषधे सुरू झाली म्हणून दूध तोडण्याचेही बहुधा कारण नसते, कारण या आजारात नेहमी दिली जाणारी औषधे स्तनपानात चालतात. गळू झालेच तर सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने पू काढता येतो आणि पाजणेही बहुधा चालू ठेवता येते.

दुसरा आजार अगदी निराळा. थंडीमुळे रक्तवाहिन्या आकसून स्तनाग्र आधी पांढरे, मग निळसर आणि नंतर लाल होते. पाजून झाल्यावरही जळजळ व कळा चालूच राहतात. या विकाराला रेनोचे नाव आहे. बुरशीचा संसर्ग समजून आठवडेच्या आठवडे मलमे लावली जातात आणि गुण येत नाही. वास्तविक पाजून होताच स्तन ऊबदार कापडाने झाकणे, थंड वारा टाळणे आणि आवश्यक तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने निफेडिपिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध घेणे, एवढ्याने अनेकींना आराम पडतो. कधी कारण बाळाच्या तोंडात असते. जिभेखालचा पडदा आखूड असला, की जीभ पुढे येत नाही आणि स्तनाग्र चेंगरले जाते. असा प्रत्येक पडदा कापावाच लागतो असे नाही. पण तो पाहिला तरी पाहिजे. आणि आपल्या देशात आणखी एक शक्यता विसरून चालणार नाही. जे गळू वारंवार होते, जी जखम महिनोन् महिने वाहत राहते, तिच्यामागे स्तनाचा क्षयरोग असू शकतो. न विरघळणारी प्रत्येक गाठ ‘दुधाचीच’ असेल असेही नाही. क्वचित ती कर्करोगाची निघते.

स्तनांच्या रोगांचा स्वतंत्र विचार सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातही आहे. म्हणजे हा विषय वैद्यकाला नवा नाही; त्याला वाली नाही, एवढेच. बाळ बालरोगतज्ज्ञाचे, गर्भाशय प्रसूतितज्ज्ञाचे, गळू शल्यविशारदाचे. मग दुखणारी बाई कोणाची? साधी प्रसूती झालेली स्त्री दोन-तीन दिवसांत घरी जाते आणि दुखणे खरे सुरू होते ते त्यानंतर. शेतकऱ्याच्या गोठ्यातील गाईला ‘दगडी’ झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्याला निरोप जातो, कारण दूध बुडाले तर पैसा बुडतो. त्याच घरातील सुनेला तोच विकार झाला, तर दृष्ट काढली जाते.

वेदनेची चर्चा केली तर माता घाबरून पावडरच्या डब्याकडे वळतील, असा एक आक्षेप घेतला जातो. डबेवाल्या कंपन्यांच्या जाहिरातबाजीला १९९२ च्या कायद्याने बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु मातेला डब्याकडे ढकलणारी जाहिरात ही एकच गोष्ट नव्हे. दूध लवकर तोडण्याच्या प्रमुख कारणांत वेदनेची गणना होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्या; पण सहा महिन्यांखालील केवळ ६३.७ टक्के बालकांना निव्वळ मातेचे दूध मिळत होते. या तफावतीला अनेक कारणे आहेत. तथापि, बाळंतीण रुग्णालयापर्यंत आली म्हणजे स्तनपानाचा प्रश्न सुटला, असे मानता येत नाही, एवढे तरी त्यावरून स्पष्ट होते.

उपाय खर्चाचे नाहीत. नवजात बालकांच्या गृहभेटींची जी कल्पना गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कार्यातून सिद्ध झाली, तीच पुढे देशभर गेली. रुग्णालयात प्रसूती झालेल्या स्त्रीच्या घरी आशा कार्यकर्तीने बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यावयाच्या असतात आणि स्तनदाहाचा काळही नेमका तोच असतो. त्या भेटीत दुखण्याची विचारपूस झाली, तरी पुढे पाठवायचे कोठे, हा प्रश्न उरतो. प्रत्येक ग्रामीण व जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरावीक वार आणि एक प्रशिक्षित परिचारिका यासाठी नेमली, आई व बाळ दोघांची तपासणी एकत्र झाली, तर पुष्कळ काम होईल. नोकरी करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न याला जोडूनच आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक नोकरदार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आली. परंतु शाळेत वा कचेरीत दार लावून बसता येईल अशी खोलीच नसेल, तर दूध साचते, ठणका लागतो आणि ताप येतो. असा ताप घेऊन वर्गावर उभ्या राहणाऱ्या शिक्षिका प्रत्येक मुख्याध्यापकाने पाहिल्या असतील. त्यांनी कारण सांगितले नसेल इतकेच.

आणि इतके करूनही एखादीला पाजणे शक्य झाले नाही, तर? मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली दुग्धपेढी सुरू केली, ती आईचे दूध न मिळणाऱ्या आजारी व अशक्त बालकांसाठी. आईचे दूध कधी कधी मिळत नाही, हे तेथे निर्मळपणे मान्य केले गेले आणि त्यात कोणत्याही मातेला दोष दिला गेला नाही. तीच वृत्ती घरांतही यावयास हवी. काही दिवस एकाच बाजूने पाजणे, हाताने दूध काढून वाटी-चमच्याने देणे, काही काळ वरच्या दुधाची जोड देणे, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजणे थांबविणे, हे सारे त्या त्या परिस्थितीतील शहाणपणाचे मार्ग आहेत. बाळंतिणीने ‘दुखते’ म्हटले, की काढा उकळण्यापूर्वी किंवा उपदेश करण्यापूर्वी तिला तपासून घेणे, हे पतीचे, सासूचे आणि डॉक्टरांचे पहिले कर्तव्य आहे. येत्या ऑगस्टच्या फलकांवर अमृताच्या महिम्याशेजारी एवढी एक ओळ लिहिली गेली, तरी पुष्कळ स्त्रिया वेळेवर दवाखान्यात पोहोचतील.