आजी नसलेल्यांची मुले

घरात वडीलधारे नसले की मुलांची आबाळ होते, असा उपदेश करणारे सद्गृहस्थ ऊसतोड मजुरांच्या तळावर कधी गेले आहेत काय? दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून कोयता निघतो, तेव्हा गावी आजी-आजोबा असतील तर मुले त्यांच्या स्वाधीन होतात. नसतील तर फडात येतात. आई मोळ्या बांधते, बाप गाडी भरतो, आणि पाचटावर सहा वर्षांची बहीण तान्ह्याला राखते. यास आईबापांची हयगय म्हणावयाचे? १९४८ च्या कारखाना कायद्याने ३० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यावर पाळणाघराचे बंधन घातले. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवरही. परंतु ऊस तोडणारी बाई मुकादमाच्या उचलीत बांधलेली. कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नावच नाही! तिने तोडलेला ऊस कारखान्याचा, मूल मात्र तिचे एकटीचे. गळीत हंगाम आजीच्या बिनमोल श्रमांवर उभा आहे, हे सहकारमहर्षींच्या ताळेबंदात कोठे दिसत नाही. संचालक मंडळांनी यंदा गव्हाणीत पहिली मोळी टाकण्यापूर्वी प्रत्येक तळावर पाळणाघर उघडावे, आणि त्याचा खर्च मजुरांच्या उचलीतून कापू नये.