तारेला चार पर्याय नसतात

लातूर पॅटर्नचं कौतुक करणाऱ्या सरांना माझा एक सवाल आहे. बारावीच्या लेकरांकडून तुम्ही बायो-सावर्टचा नियम घोटून घेता. तार दिली, करंट दिला, चुंबकीय क्षेत्र काढा. गोल काळा करा, पुढचं गणित. हाच प्रश्न उलटा विचारला तर? क्षेत्र असं हवंय, तार कशी वाकवू?

फ्यूजनचं एक मोठं कोडं इथेच आहे. कोट्यवधी अंशांचा प्लाझ्मा भांड्यात ठेवता येत नाही, तो चुंबकीय क्षेत्राने धरतात. जर्मनीतलं वेंडेलस्टाइन ७-एक्स २०१५ला सुरू झालं. त्याच्या ७० कॉइलपैकी ५० अशा पिळलेल्या आहेत की बनवणाऱ्याचा हात चुकला असं वाटावं. ते आकार कॉम्प्युटरवर शोधलेत. या गणिताला एकच उत्तर नसतं. जवळपास तेच क्षेत्र देणारे कितीतरी आकार निघतात. मग तार किती लांब, वळण किती तीव्र, बनवायला जमेल का, हे बघून निवडायचं. प्रिन्स्टनचं एनसीएसएक्स अचूकतेच्या कडक अटींनी खर्च वाढत गेला म्हणून २००८मध्ये अर्ध्यात बंद झालं.

अशी निवड करणारी माणसं आपल्याकडे आहेत. रिवाइंडिंगच्या दुकानात जळालेली मोटार येते. मिस्त्री वेढे मोजतो, गेज बघतो, तेवढी जाड तार नसली तर दोन बारीक तारा जोडीने भरतो. खाचेत मावलं पाहिजे आणि पंपही चालला पाहिजे. हे डिझाईनच आहे. आपण मात्र त्याला नापासांचा धंदा म्हणतो आणि होर्डिंगवर रँकवाले टांगतो.

या पॅटर्नने गरिबाघरी डॉक्टर दिले, हे खरंच. मीही इथूनच इंजिनिअर झालो, कोड लिहून पगार घेतो. द्राक्षं आंबट म्हणून बोलत नाही. पण नोकरीत मला एकदाही चार पर्याय मिळाले नाहीत.

पैशाची सबबही नको. कॉइलचे आकार शोधणारं सिमसॉप्ट फुकट आहे, पायथनमधून चालतं, त्याची छोटी उदाहरणं साध्या लॅपटॉपवर होतात. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य टोकामॅक १९८९पासून आहे. इकडे हिंगोली जिल्ह्यात, औंढ्याजवळ, लायगो येतंय. तिथे आपली लेकरं नुसती गेटवर उभी राहणार का?

वर्षातून एक पेपर पर्यायांविना घ्या, सर. क्षेत्र सांगा, तार द्या, आठवडाभर वेळ द्या. आन्सर की मात्र छापू नका.