व्हिसा झाला, पण कुकर लावता येतो का?

पासपोर्ट झाला. ॲडमिशन लेटर आलं. बँकेतली कर्जाची फाइल हलली. व्हिसाच्या मुलाखतीची तारीखही मिळाली. आता एकच प्रश्न उरला. तुम्हाला कुकर लावता येतो का?

हसू नका. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी हा आयईएलटीएसइतकाच महत्त्वाचा पेपर आहे. आणि तुम्ही मुस्लिम घरातले असाल, हलाल पाळणारे असाल, तर जरा जास्तच. आयईएलटीएस एकदा दिली की सुटलो. हा पेपर रोज असतो, दिवसातून दोनदा असतो आणि त्याला गाइड नाही.

आमचं मानोरा वाशिम जिल्ह्यातलं छोटं तालुक्याचं गाव. बाहेरच्यांना ते पोहरादेवीमुळे माहीत असतं. इथली पोरं बारावीनंतर कारंजा, वाशिम, अमरावती करत पुण्याला पोचतात. आता एखादा त्याच्याही पुढे जातो, थेट विमानात बसतो. माझा मामेभाऊ त्यातलाच. जर्मनीत मास्टर्स करतोय. हुशार आहे, मेहनती आहे, पण घरी असताना पाण्याचा ग्लाससुद्धा हातात लागायचा. पहिला महिना त्याने ब्रेड, उकडलेली अंडी आणि केळी यांच्यावर काढला. मामी रोज व्हिडिओ कॉलवर विचारायच्या, ‘बेटा, जेवलास का?’ आणि तो रोज हो म्हणायचा.

तुम्ही म्हणाल, तिकडे हॉटेलं नाहीत का? आहेत की. हलाल डोनर कबाब तर जर्मनीच्या गल्लोगल्ली मिळतो. पण जरा हिशोब मांडू. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा असेल तर वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. म्हणजे महिन्याला हातात येतात ९९२ युरो. त्यातच खोलीचं भाडं, आरोग्य विमा, मोबाइल, पुस्तकं. एक डोनर साधारण ७ युरोंना. दोन वेळा खाल्ला तर दिवसाचे १४, महिन्याचे ४२०. जवळजवळ अर्धा महिना नुसता डोनरमध्ये गेला. आता भाडं कशातून देणार?

पैशाचा मुद्दा आपल्यासाठी आणखी बोचरा आहे. अल्पसंख्याक समाजातल्या विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज केंद्र सरकार भरायचं. त्या योजनेचं नाव ‘पढो परदेश’. २०१३-१४ मध्ये सुरू झालेली ही योजना २०२२-२३ पासून बंद झाली. म्हणजे आता शिकतानाच्या काळातलं व्याजही घरच्यांच्याच माथ्यावर. तिकडे बाहेर खाल्लेला प्रत्येक घास इकडे कोणाच्या तरी शेतातून, दुकानातून, नाहीतर अम्मीच्या दागिन्यातून निघतो.

मग विद्यापीठाची मेस? तिला तिकडे मेन्सा म्हणतात. जेवण स्वस्त असतं, आणि कशात डुक्कर आहे ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलंही असतं. पण डुक्कर नाही म्हणजे हलाल आहे, असं नसतं. चिकन असलं तरी ते कसं कापलं, हा प्रश्न राहतोच. सॉसमध्ये वाइन असू शकते. गोळ्या-चॉकलेटांतल्या जिलेटिनचं काय? पाकिटावर ‘ई ४७१’ लिहिलेलं असतं. ते वनस्पतीपासूनही बनतं आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. नुसत्या आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे गंमत अशी होते, की इथे ज्यांना सगळे ‘नॉनव्हेजवाले’ म्हणून ओळखतात, तेच तिकडे सोमवार ते शुक्रवार मुकाट शाकाहारी होतात. भाऊ सांगतो, ‘अम्मीने दोडक्याची भाजी केली की मी ताटावरून उठायचो. इथे दोडकं दिसलं तर मिठी मारेन.’

घरून डबा पाठवायची सोयही नाही. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून येताना सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे सुकवलेलं गोश्त नाही, खव्याची मिठाई नाही, कायद्याने बघितलं तर तुपाची बरणीसुद्धा नाही. मसाले नेता येतात. पण मसाला आपोआप सालन होत नाही. ते करायला हात लागतात. म्हणून बॅगेत काय भरलं यापेक्षा हातात काय भरलं, ते महत्त्वाचं.

आणि एकदा हातात कला आली की तेच शहर वेगळं दिसायला लागतं. १९६१ मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तानचा कामगार करार झाला. त्यानंतर तुर्की माणसं मोठ्या संख्येने जर्मनीत आली, आणि त्यांच्यामागोमाग त्यांची दुकानंही. तिथे हलाल गोश्त मिळतं, मसूर मिळते, तांदूळ, सुकी मिरची, दही सगळं मिळतं. पण रविवारी जर्मनीत दुकानं बंद. म्हणजे शनिवारीच आठवड्याचा बाजार उरकायचा. रविवारी मोठ्या पातेल्यात दालचा करायचा, डब्यांत भरायचा आणि फ्रीजरमध्ये टाकायचा. भाऊ आता हे सगळं करतो. कांदा लाल करताना दोनदा स्मोक अलार्म वाजला. तेव्हापासून फोडणीआधी खिडकी उघडायची हे त्याला न सांगता कळतं.

त्याच्या फ्लॅटमध्ये एक मराठी मुलगा आहे, पक्का शाकाहारी. पहिल्याच आठवड्यात दोघांनी तवे वेगळे केले आणि फ्रीजचे कप्पे वाटून घेतले. भांडण नाही, रुसवा नाही. वरणाचं पातेलं मात्र दोघांचं एकच. ज्याला पोळ्या येतात तो पोळ्या करतो, ज्याला वरण येतं तो वरण लावतो. दोघांपैकी एकालाही काही येत नसतं, तर ही दोस्ती झाली असती का? स्वयंपाक येणारा माणूस आपले नियम पाळून दुसऱ्यासोबत बसू शकतो. ज्याला येत नाही, तो एकतर नियम सोडतो नाहीतर जेवण सोडतो.

रमजानमध्ये तर हे जास्तच जाणवतं. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं, त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. २०१६ मध्ये तो जूनमध्ये होता. उत्तर युरोपात तेव्हा रोजा अठरा तासांपेक्षा मोठा झाला. २०३० मध्ये डिसेंबरच्या शेवटी रमजान येईल, तेव्हा बर्लिनमध्ये संध्याकाळी चारच्या सुमारासच इफ्तार होईल. म्हणजे लेक्चर चालू असताना खजूर तोंडात टाकायची. सहेरीला उठवायला दादी नाही, मोहल्ल्यातली हाक नाही. अलार्म लावायचा, उठायचं आणि स्वतःच शिजवायचं.

हा काही फक्त आपलाच प्रश्न आहे असं नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या, त्या शाकाहार न सोडता शिकल्या. १८८८ मध्ये गांधीजी लंडनला गेले. मांस आणि दारूला शिवणार नाही असं आईला वचन दिलेलं, त्यामुळे सुरुवातीचे दिवस अर्धपोटी गेले. पुढे खोली घेऊन ते सकाळी ओटची लापशी आणि कोको स्वतः करायला लागले. १९०६ मध्ये मुंबईच्या अतिया फैजी शिक्षिका होण्यासाठी लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या आणि तिथल्या दिवसांची डायरी त्यांनी उर्दूत लिहून ठेवली. जवळपास एकशे वीस वर्षांपूर्वी आपल्या राज्यातली एक मुस्लिम मुलगी शिकायला समुद्रापार गेली होती. हे नाव लक्षात ठेवा, कारण आता मी मुद्द्यावर येतेय.

मुद्दा असा आहे. आपल्या घरांमध्ये ज्यांना स्वयंपाक शिकवतात त्यांना परदेशी पाठवत नाहीत, आणि ज्यांना परदेशी पाठवतात त्यांना स्वयंपाक शिकवत नाहीत.

बघा ना तुमच्याच घरात. बहीण बारा-तेरा वर्षांची झाली की तिच्या हातात बेलणं येतं. तिला दालचा येतो, तहरी येते, शंभर माणसांच्या दावतीत कांदा किती लागेल याचा अंदाज येतो. म्हणजे परदेशी एकटं राहायला जे लागतं, ते सगळं तिला येतं. मार्कंही असतात. पण तिने अर्जाचं नाव काढलं की घरातून प्रश्न येतो, ‘एकटी पोरगी, तिकडे राहील कशी? खाईल काय?’ आणि ज्याला चहासुद्धा धड जमत नाही त्या भावाला हा प्रश्न कोणी काहून विचारत नाही? त्याला विमानतळावर सोडायला दोन गाड्या भरून माणसं जातात.

यावर जी उत्तरं मिळतात ती मला पाठ आहेत. ‘तिकडे अभ्यास करायचा की भाकऱ्या थापायच्या?’ दोन्ही. उपाशी पोटाने असाइनमेंट होत नाही, आणि रविवारचे तीन तास आठवडाभर पुरतात. ‘गरज पडली की शिकेलच.’ शिकतो, खरं आहे. पण त्या शिकण्यात पहिलं सेमिस्टर जातं, तब्येत जाते, आणि घरी खोटं बोलायची सवय लागते. ‘पोरीचा प्रश्न जेवणाचा नाही, काळजीचा आहे.’ मान्य. पण मग काळजी म्हणा ना, जेवणाचं निमित्त कशाला? काळजीवर बोलता येतं. हॉस्टेल कुठे, ओळखीचं कोण, फोन किती वेळा, हे ठरवता येतं. निमित्तावर काय बोलणार?

मला वाटतं, जाण्याआधीचे तीन महिने पुरे आहेत. सहा गोष्टी शिकायच्या. खिचडी, मसूरची दाल, तहरी, अंड्याचं सालन, एक कोरडी भाजी आणि चिकन. पोळी नाही जमली तरी चालेल, तुर्की दुकानात ब्रेड मिळतो. अम्मीला वेळ नसेल तर बहिणीकडून शिका. ती शिकवेल. फक्त तिच्याकडून फी न देता शिकू नका. तिची फी ही, की तिच्या अर्जाच्या वेळी अब्बूंसमोर तुम्ही तिच्या बाजूने बोलायचं. ‘मी राहिलो, ती माझ्यापेक्षा चांगली राहील,’ हे वाक्य परदेशात राहून आलेल्या भावाच्या तोंडून ऐकलं तर घरात वजन पडतं. आम्ही बहिणींनी शंभरदा सांगून पडत नाही.

आणि पोरींनो, तुम्हाला जे येतं ते ‘घरकाम’ म्हणून सोडून देऊ नका. भाषेची परीक्षा, विद्यापीठांची यादी, शिष्यवृत्तीच्या तारखा, हे सगळं शिकायचं बाकी असेल, ते शिकता येतं. एकटीने राहायची निम्मी तयारी तुमची झालेली आहे. घरात कोणी विचारलं, ‘तिकडे खाशील काय?’ तर सरळ सांगा, ‘जे तुम्ही इथे रोज माझ्या हातचं खाता, तेच.’