मस्कीला गिळायला वेळ देऊ नका

ऑक्टोबरअखेरचं विस्कॉन्सिन. काठावरची झाडं ओकीबोकी, तळ्याचं पाणी हाताला झोंबणारं. होडीतली दोन माणसं सकाळपासून लाकडी आणि रबरी आमिषं फेकून फेकून दमलेली. होडीच्या कडेला आणखी एक दोरी सोडलेली आहे. तिच्या टोकाला दीड वीत लांबीचा जिवंत सकर मासा पोहतो आहे. मध्येच रिळाची टिकटिक सुरू होते, बघता बघता ती कर्रर्र अशी वाजू लागते आणि दोरी पळत सुटते. मस्कीने सकर धरलेला असतो. आता ताबडतोब झटका द्यायचा की थांबायचं, यावर त्या मस्कीचं जगणं-मरणं ठरतं. आणि गळ टाकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या इथे थांबत आल्या.

मस्की म्हणजे मस्केलंज. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला हा मोठा शिकारी मासा. ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेलं हे नाव. मरळीसारखी पाणवनस्पतींत दबा धरून बसणारी, पण मरळीच्या कितीतरी पट मोठी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने 1955 मध्ये तिला राज्यमाशाचा मान दिला. तिथल्या हेवर्ड गावात गोड्या पाण्यातल्या मासेमारीचं एक संग्रहालय आहे. त्याची मुख्य इमारतच मस्कीच्या आकाराची आहे, 143 फूट लांब. लोक तिच्या जबड्यात उभं राहून खालचं गाव बघतात. याच संग्रहालयाच्या नोंदीनुसार जगातली सर्वात मोठी मस्की 1949 मध्ये लुई स्प्रे यांनी जवळच्या चिपेवा जलाशयात पकडली. वजन 69 पौंड 11 औंस, म्हणजे साडेएकतीस किलोंहून जास्त. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मस्की लागते, असं तिकडे म्हणतात. इतक्या दुर्मीळ माशाला पकडून परत पाण्यात सोडण्याची रीत आता तिथे चांगली रुजली आहे. मस्कीप्रेमींची ‘मस्कीज इंक’ ही 1966 मध्ये मिनेसोटात सुरू झालेली संस्थाही मासा सोडून देण्याचाच आग्रह धरते.

थांबण्यामागे एक साधं निरीक्षण होतं. मस्की भक्ष्य आडवं धरते, लगेच गिळत नाही. दातांत पकडून काही अंतर जाते, मग भक्ष्य फिरवून डोक्याकडून आत घेते. जुन्या पद्धतीत सकरच्या ओठात किंवा नाकात एकच मोठा गळ अडकवलेला असे. मासा आडवा धरलेला असताना झटका दिला, तर तो गळ मस्कीच्या तोंडात रुतेलच असं नाही. बहुधा सकर तिच्या तोंडातून निसटे. म्हणून वाट बघायची. पंधरा मिनिटं, अर्धा तास, कधी त्याहून जास्त. मस्कीने सकर पुरता गिळला की ओढायचं. गळ तोवर तिच्या जठरात पोहोचलेला असतो.

पूर्वी मस्की घरी नेऊन खात, भिंतीवर लावत, तेव्हा गळ कुठे रुतला याने फरक पडत नव्हता. सोडून देण्याची रीत आली आणि सगळा हिशेब बदलला. फक्त गळ बदलला नाही. मासा होडीपाशी आणायचा, गळ पोटात आहे म्हणून दोरी कापायची, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचं. मस्की शेपटी हलवत खोल पाण्यात निघून जाई. बघणाऱ्याला वाटे, वाचली.

वाचत नव्हती. विस्कॉन्सिनच्या नैसर्गिक संसाधन विभागातले मत्स्यशास्त्रज्ञ टेरी मार्जनॉ यांनी अशा एकेरी गळाने पकडून सोडलेल्या मस्कींवर लक्ष ठेवलं आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या एक-दोन दिवसांत 22 टक्के मासे मेले. एवढ्यावर थांबले असते तर लोकांनी ‘चालायचंच’ म्हटलं असतं. पण वर्षभरात हा आकडा 83 टक्क्यांवर गेला. म्हणजे पाचांतल्या चार मस्की, ज्या सोडणाऱ्याच्या डोळ्यांदेखत तरतरीतपणे पोहत गेल्या होत्या, पुढे कुठेतरी तळाशी मरून पडल्या. एरवी अशा मस्की कुणी पाहत नाही, कुणी मोजतही नाही.

याच्याशेजारी कॅनडातल्या शास्त्रज्ञांचं 2011 मधलं काम ठेवून बघावं. अनुभवी मस्कीमारांनी पकडून, नीट हाताळून सोडलेल्या माशांना त्यांनी रेडिओ-यंत्रं बसवली आणि त्यांचा माग ठेवला. सोडल्यानंतर मेलेला मासा त्यांना आढळला नाही. मासा तोच, पकडून सोडणंही तेच. माशाला हात लागतो म्हणून तो मरत नाही. गळ तोंडात आहे की जठरात, हा खरा फरक.

इथे तीन काट्यांच्या गळाचा विषय येतो, आणि बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा तो उलटाच वाटतो. ट्रेबल हुक म्हणजे एका दांडीला फुटलेले तीन काटे. एका काट्याने मासा मरतो, तर असे दोन गळ लावून, म्हणजे सहा काट्यांनी, वाचतो कसा?

वाचतो, कारण थांबावं लागत नाही. या जोडणीला तिकडे ‘क्विक-स्ट्राइक रिग’ म्हणतात. पोलादी तारेच्या तुकड्यावर दोन ट्रेबल असतात. एक सकरच्या डोक्याजवळ बसतो, दुसरा पाठीच्या पराच्या मागे. सकरच्या नाकपुड्यांतून लांब सुईने एक छोटं रबरबँड ओवतात आणि त्याने आमिष तारेला धरून ठेवतात; ओढीचा भार त्या रबरावर येतो. प्रत्येक ट्रेबलचा एकच काटा, तोही जेमतेम कातडीखालून गेलेला. उरलेले दोन मोकळे, बाहेर टोक करून. मस्कीने सकर आडवा धरला की दोन्हींपैकी एक तरी गळ तिच्या जबड्यात आलेलाच असतो. होडी तिच्याजवळ न्यायची, दोरीतली ढील काढायची आणि जोरात झटका द्यायचा. काटे सकरच्या कातडीतून सुटतात आणि मस्कीच्या तोंडात रुततात. दोरी पळायला लागल्यापासून झटक्यापर्यंत मिनिटभरही लागू नये.

ही जोडणी वाटते तितकी सोपी नाही. काटा मांसात खोल घातला, तर झटक्याला तो सकरमध्येच अडकून राहतो आणि मस्की मोकळी होते. फार वरवर घातला, तर तासाभरात सकरच निसटतो. थंड पाण्यात बोटं बधिर झालेली असताना, वळवळणाऱ्या माशाच्या नाकपुडीतून रबर ओवणं हे सवयीचं काम आहे. पण नीट ओवलेला सकर तासन्‌तास जोमाने पोहतो. ओठ फाटून, तोंड वासून ओढला जात नाही. ज्या जिवाचा आपण आमिष म्हणून वापर करतो, त्याला विनाकारण जास्त इजा होऊ नये, ही गोष्टही या जोडणीच्या बाजूने मोजायला हवी.

विस्कॉन्सिनने याचा नियम केला. आठ इंच किंवा त्याहून लांब जिवंत मासा आमिष म्हणून लावायचा असेल, तर एक तर क्विक-स्ट्राइक जोडणी हवी, नाहीतर टोक आत वळलेला, न मुरडलेला गोल गळ हवा. गिळू देणारा साधा एकेरी गळ बंद. हा नियम योग्य आहे, आणि मस्की असलेल्या प्रत्येक राज्यात तो असायला हवा. कारण उरलेले सगळे नियम याच्यावर उभे आहेत. विस्कॉन्सिनच्या बहुतेक पाण्यांत 40 इंचांखालची मस्की ठेवता येत नाही. मिनेसोटाने 2015 पासून ही मर्यादा 54 इंच केली. म्हणजे गळाला लागलेल्या बहुतेक मस्की कायद्यानेच सोडाव्या लागतात. कायदा सोडायला लावतो आणि गळ जठरात राहतो, अशा सोडण्याला संवर्धन म्हणता येत नाही. शिवाय हा मासा तळ्यात मुळातच विरळ. चांगल्या तळ्यातही एकरी एक प्रौढ मस्की नसणं नेहमीचं. पन्नास इंची मादी व्हायला पंधरा वर्षं किंवा जास्त लागतात. तिच्याएवढी दुसरी मादी तयार व्हायलाही तेवढीच वर्षं जातात.

ट्रेबलवरचे आक्षेप खोटे नाहीत. सहा काटे जाळ्यात गुंततात, कल्ल्यांजवळ रुततात, मासा उसळला की माणसाच्या तळहातातही घुसतात. पण याला उपाय आहेत, आणि तेही महागडे नाहीत. काट्याच्या टोकामागची उलटी नखी पकडीने चेपून टाकावी. मोठं, रबराचा लेप दिलेलं जाळं वापरावं आणि मासा त्यातच, पाण्याखाली धरून ठेवावा. काटा हट्टाने उपटू नये. गळ कापायची मजबूत पक्कड होडीत असावी आणि काटा कापूनच टाकावा. गळाची किंमत काही फार नसते. घाईघाईने झटका दिला की कधी कधी मस्की सुटते, ही तक्रारही खरी आहे. सुटू द्यावी. सुटलेल्या मस्कीच्या जठरात काही नसतं.

एका ठिकाणी मात्र अजून गाठ बसलेली आहे. विक्रमांची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था जिवंत किंवा मेलेल्या आमिषासाठी दोन एकेरी गळांपलीकडे काही मान्य करत नाही. समुद्रातल्या मोठ्या माशांच्या बाबतीत त्यामागे कारणं असतीलही. पण मस्कीसाठी त्याचा अर्थ असा होतो की मासा वाचवणारी जोडणी वापरणाऱ्याला विक्रमाच्या वहीत जागा नाही. तिथे मस्कीपुरता अपवाद करायला काय हरकत आहे? आणि आमिषाच्या दुकानदारांनीही थोडं पुढे यावं. शरद ऋतूत पोरं सकर विकत घ्यायला येतात, तेव्हा सकरबरोबर तयार जोडणी, सुई आणि चार रबरबँड द्यावेत. आणि ते नाकपुडीतून कसं ओवायचं, हे गिऱ्हाईक घाईत असलं तरी काउंटरवरच्या बादलीतल्या एका माशावर करून दाखवावं.